रकाना

परवा ऑफिसात एका कॉलमवरून दीड तास वाद झाला. फॉर्ममधला एक रकाना रिकामा सोडला तर चालेल की नाही, एवढाच प्रश्न होता. माझं म्हणणं, सक्तीचा करा. लीडचं म्हणणं, युजर वैतागतात, राहू दे रिकामा, नंतर बघू. शेवटी नेहमीप्रमाणे लीडचंच खरं झालं. ('नंतर बघू' हे आमच्याकडे एक आर्किटेक्चरच आहे म्हणा ना.) संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा एकदम डोक्यात आलं की अरे, रिकाम्या रकान्यावरून या देशात सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलंय. आणि त्या भांडणाचा आमच्या बीडशी फार जवळचा संबंध आहे.

तर मंडळी, या वीकेंडला कोड नाही, गॅजेट नाही. बीड जिल्हा आणि त्याचे आकडे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात फेब्रुवारी २०११ पासून करतो. मी तेव्हा आठवीत. आमचे अण्णा जिल्हा परिषदेचे मास्तर, म्हणजे जनगणनेचे प्रगणक ठरलेलेच. ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस शाळा सुटल्यावर ते फॉर्मचा गठ्ठा घेऊन निघायचे आणि मी मागून पिशवी धरून. आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. माळरान, खडक, उन्हाळ्यात टँकर. त्या फॉर्मवर आकडे छोट्या छोट्या चौकटींत लिहायचे असत, रेघेला चिकटू न देता, कारण पुढे ते स्कॅनर वाचणार होता. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं, पण त्या चौकटींनी त्यांनासुद्धा घाम फोडला. पुरुष असेल तर १, स्त्री असेल तर २. एका रात्री कंदिलाजवळ (लोडशेडिंग होतं, वेगळं सांगायला नको) फॉर्म तपासताना ते आईला म्हणाले, "लहान लेकरांत दोनचा आकडा लईच कमी पडायलाय." आई काही बोलली नाही. मला तर त्यातलं काहीच कळलं नाही.

कळलं ते नंतर, पेपरात आकडे आले तेव्हा. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, याला बाललिंग गुणोत्तर म्हणतात. बीडचा आकडा १९९१ मध्ये ९३९ होता, २००१ मध्ये ८९४. २०११ च्या पहिल्या, तात्पुरत्या आकडेवारीत तो आला ८०१, आणि अंतिम आकडेवारीत ८०७. अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात खाली. राज्याचा अंतिम आकडा ८९४ होता. म्हणजे आम्ही २००१ मध्ये जिथे होतो तिथे राज्य दहा वर्षांनी पोचलं, आणि आम्ही तोवर आणखी ८७ ने घसरलो होतो. निसर्ग आपल्या हिशेबाने चालला तर हजार मुलांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. बाकीच्या कुठे गेल्या ते सांगायची गरज नाही.

आता यातली इंजिनिअरी गोम बघा. २०११ साली ० ते ६ वयाची म्हणजे साधारण २००४ नंतर जन्मलेली मुलं. त्यात जनगणना दहा वर्षांतून एकदा. म्हणजे बीडमध्ये जे चाललं होतं त्याचा अलार्म वाजला तो सात वर्षांनी. प्रॉडक्शन सर्व्हर सात वर्षं डाऊन आणि मेल आज आली, असं समजा. नोकरी गेली असती आपली.

पण मग मधल्या काळात कुणालाच माहीत नव्हतं का? होतं की. आणि इथे गोष्ट थोडी मागे न्यावी लागते.

गर्भलिंग तपासणी आली ती आधी गर्भजल परीक्षेतून, सोनोग्राफीचा सुळसुळाट नंतरचा. ऐंशीच्या दशकात मुंबईत हे उघड चालायचं. स्त्री संघटना ओरडत होत्या, पण 'ओरडणं' आणि 'पुरावा' यात फरक असतो, निदान सरकारदरबारी. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले ४२ जण, म्हणजे ८४ टक्के, लिंग ओळखण्यासाठी ही परीक्षा करत होते. फक्त पन्नास जण, हो! आजकाल एवढ्या सॅम्पल साइजवर कुणी ब्लॉगसुद्धा लिहिणार नाही. पण त्या पन्नास जणांच्या पाहणीने काम केलं. स्त्री संघटनांचा रेटा होताच, त्याला आकडा मिळाला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला. देशात पहिलं राज्य. मग १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि १९९६ पासून लागू झाला.

म्हणजे संशोधनापासून कायद्यापर्यंत दोन वर्षं. झक्कास ना? थांबा. कायद्यापासून अंमलबजावणीपर्यंतची वर्षं अजून मोजायची आहेत.

केंद्राचा कायदा आला आणि कपाटात गेला. सोनोग्राफीची यंत्रं गावोगाव पोचत होती, आणि कुठे किती यंत्रं आहेत याची धड यादीसुद्धा सरकारकडे नव्हती. २००० मध्ये 'सेहत' आणि 'मासूम' या दोन संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज हे सुप्रीम कोर्टात गेले. कायदा आहे तर राबवा, एवढीच मागणी. ४ मे २००१ ला कोर्टाने केंद्राला आणि राज्यांना कामाला लावलं. या प्रकरणातला मला सर्वात आवडणारा भाग पुढचा आहे. कोर्टाने यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांनाच सांगितलं, गेल्या पाच वर्षांत कुणाकुणाला यंत्रं विकलीत त्याची यादी द्या. आपल्या भाषेत बोलायचं तर दोन टेबल जॉईन करा. विक्रीची यादी एकीकडे, सरकारी नोंदणीची यादी दुसरीकडे. पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, तो आपला गिऱ्हाईक. जजसाहेबांना एसक्यूएल येत नसणार, पण क्वेरी एकदम बरोबर होती.

आणि मग तो फॉर्म. 'एफ' फॉर्म. गर्भवती बाईची सोनोग्राफी केली की हा भरायचा. नाव, वय, पत्ता, आधीची अपत्यं किती आणि त्यात मुलगे किती, मुली किती, कुणी पाठवलं, कशासाठी सोनोग्राफी केली, काय निघालं. बाईचं प्रतिज्ञापत्र, डॉक्टरचं प्रतिज्ञापत्र. बघायला गेलं तर कंटाळवाणा कागद. पण बंद खोलीत डॉक्टर नातेवाइकाला 'पेढे' म्हणाला की 'जिलेबी', हे कुणी सिद्ध करू शकत नाही. तिथे साक्षीदार नसतो. जे काही मागे उरतं ते या कागदावर. दोन मुली असलेली बाई, कुणी पाठवलं तो रकाना रिकामा, कारणाचा रकाना रिकामा, असे पन्नास फॉर्म एकाच दवाखान्यात निघाले तर त्यातून काहीतरी वाचता येतं. एक फॉर्म काही बोलत नाही, गठ्ठा बोलतो.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की बाबांनो, ही कारकुनी चूक आहे. एखादा रकाना राहिला म्हणून आम्हाला फौजदारी? त्यांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली. मे २०१९ मध्ये निकाल आला. फॉर्म अपुरा ठेवणं ही निव्वळ कारकुनी चूक मानता येणार नाही, कारण कायदा मोडला की नाही हे ओळखायचं साधनच मुळी तो फॉर्म आहे. खरं सांगतो, हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला डॉक्टरांचीही बाजू पटली होती. माझ्या ओळखीत दोन सोनोग्राफीवाले आहेत, भली माणसं आहेत, दिवसाला शेकड्यावर सह्या करतात. चुका होणारच. पण मग अण्णांचा 'दोनचा आकडा' आठवतो आणि मी गप्प बसतो.

मधल्या काळात कोल्हापुरात एक अस्सल आपल्या लाईनचा प्रयोग झाला. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूरचं बाललिंग गुणोत्तर ८३९ निघालं होतं. ऊस, दूध, पैसा, शाहू महाराजांचा वारसा, सगळं असून. २००९-१० च्या सुमारास तिथले जिल्हाधिकारी होते लक्ष्मीकांत देशमुख. तेच ते, लेखक, पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे एफ फॉर्म ऑनलाईन भरायचा, तोही चोवीस तासांत. आणि दुसरी, प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचा एक डबा जोडायचा. यंत्रावर काय तपासणी झाली याची नोंद तो ठेवणार, म्हणजे डॉक्टरने भरलेला फॉर्म आणि यंत्रातली नोंद ताडून बघता येणार. विमानातला ब्लॅक बॉक्स समजा. रेडिओलॉजिस्ट लोक हायकोर्टात गेले, पेशंटच्या खाजगीपणाचं काय म्हणाले. मुद्दा अगदीच फालतू नव्हता. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई हायकोर्टाने डब्याच्या बाजूने निकाल दिला.

माझं मत विचाराल तर डबा हुशार होता. पण ज्याने कधी प्रॉडक्शन सपोर्ट केलाय त्याला त्याची मर्यादा लगेच कळेल. लॉग लिहिणं वेगळं आणि लॉग वाचणं वेगळं. आमच्याकडे रोज ढिगाने लॉग तयार होतात आणि काहीतरी फुटल्याशिवाय ते कुणी उघडत नाही. दुसरं, डबा नोंदणी असलेल्या यंत्रालाच बसतो. गाडीच्या डिकीतून फिरणाऱ्या यंत्राला कुठला डबा बसवणार?

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. कधी कधी माहिती असते, समोर असते, तरी काही होत नाही. परळीच्या सुदाम मुंडेचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २०१० मध्ये साताऱ्याच्या वर्षाताई देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियाना'ने परळीत जाऊन त्याच्यावर स्टिंग केलं होतं. म्हणजे डेटा नाही, सर्व्हे नाही, थेट पुरावा. तरी दवाखाना चालू राहिला. मे २०१२ मध्ये तिथे एक बाई गर्भपात करताना दगावली. चार मुलींची आई होती ती. मग महाराष्ट्र हादरला, टीव्हीवाले परळीत आले, मुंडेला अटक झाली, परवाना गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मी तेव्हा दहावीत जाणार होतो. त्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेला माझा मामेभाऊ मला म्हणाला, "बीडचा आहेस होय, मुली मारता ना तुम्ही?" गंमतीत म्हणाला तो, आणि मलाही काय बोलावं सुचलं नाही. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना 'अनुशेष' हा शब्द पाळण्यातच शिकवतात. १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल न वाचताही सिंचनात किती मागे, रस्त्यात किती मागे, हे प्रत्येक पारावर पाठ असतं. तो अनुशेष दुसऱ्याने केलेला. ८०७ मात्र आमचा आम्ही केला होता.

असो. इथपर्यंतची गोष्ट एका अर्थाने सोपी आहे. वाईट आहे पण सोपी. कारण जनगणनेच्या फॉर्ममध्ये वयाचा रकाना होता आणि लिंगाचा रकाना होता. उशिरा का होईना, आकडा बाहेर आला, आणि आकडा आला म्हणून सरकारला हलावं लागलं. आता दुसरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी रकानाच नव्हता.

बीड म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा हे तुम्ही ऐकलं असेल. दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत. परत येतात ते मार्च-एप्रिलात, कधी मे उजाडतो. या धंद्यात मजुराचं एकक माणूस नाही, 'कोयता' आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम जोडीला उचल देतो, आणि हंगामभर दोघांनी तोडून ती फेडायची. एक दिवस काम बुडालं तर 'खाडा', त्याचे पैसे कापले जातात. बाईची पाळी आली, पोटात दुखलं, अंगावरून गेलं, तरी कोयता चालू पाहिजे. फडावर पालं ठोकून राहायचं, संडास नाही, पाणी मिळेल तसं. लग्नं लवकर झालेली, बाळंतपणं विशीच्या आत उरकलेली. मग दुखणं अंगावर काढायचं, आणि गावी आल्यावर कुठल्यातरी खाजगी दवाखान्यात जायचं. तिथे डॉक्टर सांगणार, "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका."

आमच्या शेजारच्या घरात एक वहिनी आहेत. मी शाळेत असल्यापासून मला 'भावजी' म्हणून चिडवायच्या. एका वर्षी पावसाळ्यात त्यांचं ऑपरेशन झालं. तीस वय नव्हतं. व्याजाने पैसे काढून ऑपरेशन, ते फेडायला पुढच्या हंगामात जास्त उचल. त्यानंतर त्यांची कंबर आणि गुडघे जे धरले ते आजतागायत. आमच्या आळीत अशा किती बायका, हे माझ्या आईला तोंडपाठ होतं. "पिशवी काढलेली आहे" हे आमच्याकडे "चष्मा लागलाय" म्हणावं तसं सहज बोललं जायचं. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, डेटा मायनिंगला फर्स्ट क्लास मिळवला, आणि हा डेटा आहे हे मला एकदाही सुचलं नाही!

सरकारलाही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२ पासून चालू आहे, पण गर्भाशय काढलं का, कुठे काढलं, का काढलं असे प्रश्न तिने नीट विचारले ते चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये. त्यात देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत प्रमाण आलं ३.२ टक्के. ठीक आहे, फार काही नाही, असंच कुणालाही वाटेल. बीडच्या फडावरची बाई त्या सरासरीत साखरेसारखी विरघळून गेली.

फुटलं ते एप्रिल २०१९ मध्ये. 'हिंदू बिझनेसलाइन'मध्ये बीडच्या गावांवर बातमी आली आणि गर्भाशय नसलेल्या बायकांची गावं म्हणून आम्ही पुन्हा एकदा देशभर गाजलो. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याला नोटीस पाठवली. जूनमध्ये विधान परिषदेत प्रश्न आला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तर दिलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ऊसतोड करणाऱ्या बायकांची घरोघर पाहणी झाली. ८२,३०९ बायकांना विचारलं. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. जवळजवळ १७ टक्के. (३.२ शी लगेच भागाकार करू नका, दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे. पण न भागताही कळतं.)

या दोन आकड्यांकडे जरा थांबून बघा. ४,६०५ हा दवाखान्यांच्या रजिस्टरातून आलेला आकडा. त्यात ऑपरेशनं मोजलीत. ती बाई कोण, काय काम करते, कितव्या वर्षी तिची पिशवी गेली, हे त्यात नाही. हे सांगू शकत होती फक्त ती बाई. १३,८६१ हा आकडा मिळाला कारण कुणीतरी दारात जाऊन तिलाच विचारलं. आमच्याकडेही आले होते पाहणीवाले. वहिनींनी सांगितलं सगळं. मग त्यांना विचारलं, "हे लिहून घेताव, त्येचं पुढं काय हुतंय?"

प्रश्न रास्त होता. पुढे काही झालं, अगदीच झालं नाही असं नाही. सिव्हिल सर्जनच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यांनी गर्भाशय काढायचं नाही, असा आदेश जिल्ह्यात निघाला. हंगामाला जाण्याआधी आणि आल्यावर बायकांची तपासणी करायची ठरलं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं महामंडळ आलं, कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायला सुरुवात झाली. पण खाडा आहे, उचल आहे, कोयता अजून जोडीचाच आहे. पिशवी काढायचं कारण दवाखान्यात कमी आणि फडावर जास्त आहे, आणि फडाला सिव्हिल सर्जनची परवानगी लागत नाही.

मला यातली खरी बोचणारी गोष्ट मात्र अलीकडे कळली, आणि तीही अण्णांकडून. गेल्या दिवाळीत गावी होतो. अण्णा आता रिटायर झालेत. नव्या जनगणनेचा विषय निघाला. २०२१ ची राहूनच गेली, आधी करोना आणि मग नुसती मुदतवाढ. जून २०२५ मध्ये अधिसूचना निघाली. संदर्भ तारीख १ मार्च २०२७, मोजणी आधीच्या फेब्रुवारीत, सगळं मोबाईल ॲपवर, जातीसकट. मी उत्साहाने सांगत होतो की आता चौकटी नाहीत, स्कॅनर नाही, चुका कमी, आकडे लवकर. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते खरं. पण फेब्रुवारीत हितं असतंय कोण?"

माझी ट्यूब तेव्हा पेटली. २०११ ला आम्ही वीस दिवस फिरलो त्यात निम्म्या घरांना कुलपं होती. आदल्या उन्हाळ्यात घरयादी केली तेव्हा तीच घरं भरलेली होती, कारण तेव्हा माणसं फडावरून परत आलेली. जनगणनेचा नियम असा की मोजणीचे सगळे दिवस जो आपल्या घरी नाही, त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजायचं. म्हणजे आमच्या गावची माणसं मोजली गेली असतील तर कुठल्यातरी कारखान्याच्या पालावर, दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यात. त्यांची लहान लेकरंसुद्धा. ८०७ मध्ये ती नाहीत! आकडा खोटा ठरतो असं नाही, मागे राहिलेल्यांचा तो खराच होता. पण 'बीडची' म्हणून ज्यांच्यासाठी योजना आखायच्या, तेच लोक बीडच्या रकान्यात नाहीत. गावाची लोकसंख्या कमी दिसणार, आणि अंगणवाडी, उपकेंद्र, नळयोजना त्या लोकसंख्येच्या मापाने मंजूर होणार. २०१९ ची गर्भाशयाची पाहणी पावसाळ्यात झाली, माणसं घरी असताना, म्हणून तरी ८२ हजार बायका सापडल्या. तीच पाहणी फेब्रुवारीत केली असती तर कुलपं सापडली असती.

देशाची जनगणना काही बीडच्या सोयीने होणार नाही, हे मलाही कळतं. फेब्रुवारी निवडायलाही कारणं आहेत, बहुतेक देश तेव्हा घरी असतो. पण कागदाच्या जागी ॲप आलंय, तर पालावर मोजलेल्या माणसाचं मूळ गाव कुठलं आणि तो किती महिन्यांसाठी तिथे आलाय, हे गावागणिक लावून परत आमच्या तहसीलला पोचवणं आता अवघड राहिलेलं नाही. मूळ ठिकाण, कधीपासून इथे, कशासाठी आलात, असे प्रश्न जनगणनेत पूर्वीपासून आहेत. पण स्थलांतराचे तक्ते बाहेर यायला वर्षानुवर्षं लागतात, आणि आले तरी त्यात गावाचं नाव नसतं. तांत्रिकदृष्ट्या हे आठवड्याचं काम आहे. अशी आठवड्याची कामं कशी 'नंतर बघू' होतात ते मी परवाच बघितलं.

अण्णांनी त्या रात्री कपाटातून एक वही काढली. दोनशे पानी, शिवण उसवलेली. गावात कारखान्याला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालायचं, म्हणजे आईबाप फडावर गेले तरी पोरं आजी-आजोबांकडे राहून गावातच शिकणार. त्याच्यासाठी ते दर वर्षी टिपणं ठेवायचे. कुठलं घर कुठल्या कारखान्याला गेलं, मुकादम कोण, कोणती पोरं बरोबर नेली, कोणती मागे ठेवली, कधी परत आली. रिटायर झाल्यावरही सोडलं नाही त्यांनी. काही पानांवर समासात बारीक अक्षरात आईने सांगितलेलं टिपलंय, "हिचं ऑपरेशन झालं", "ही आजारी, उशिरा गेली". वहिनींचं नाव तीन ठिकाणी आहे.

मला म्हणाले, "हे तुझ्या त्या एक्सेलात घालून दे. नवा प्रगणक येईल त्याला देतो."

मी लॅपटॉप उघडला आणि सवयीने पहिल्या ओळीत कॉलमची नावं टाकायला लागलो. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, कारखाना, मुकादम. अण्णा म्हणाले, "थांब. आधी वही वाच समदी, मग रकाने पाड."

वाचतोय. वही सध्या पुण्यात माझ्याकडेच आहे. एकूण ६८ घरं, शनिवार-रविवार बसून ४१ झालीत. समासातल्या टिपणांसाठी एक वेगळा कॉलम केलाय, त्याला अजून नाव सुचलेलं नाही. उरलेली २७ पुढच्या वीकेंडला.